प्लॅन ओसाकाचा, तिकीट कल्याणचं!

खाण्यासाठी जपान गाठायचं स्वप्न हल्ली सगळ्यांनाच पडतं. तो योग येईल तेव्हा येईल. पण तिथे जाणारे खवय्ये जसं प्लॅनिंग करतात, तसं ते ठाणे, डोंबिवली आणि कल्याणसाठी केलं तर? एका शनिवारचा, तीन स्टेशनांचा हा खादाडी प्लॅन.

ऑफिसात हल्ली एक तरी जण असा भेटतोच, जो नुकताच जपानला जाऊन आलेला असतो. त्याच्या मोबाइलमधले फोटो बघा. देवळं चार, फुजी पर्वत एक (तोही ढगात) आणि बाकी सगळ्या ताटल्या! त्यातही मुक्काम ओसाकाला असेल तर विचारायलाच नको. दोन रात्री, तीन दिवस आणि एक एक्सेल शीट. कुठल्या गल्लीत काय खायचं, किती वाजता खायचं, रांगेत कोणी उभं राहायचं, सगळं त्यात लिहिलेलं. अप्रेझलचा फॉर्म भरायला टाळाटाळ करणारा माणूस तिथे एका प्लेटसाठी मिनिटामिनिटाचा हिशेब ठेवतो, म्हणजे कमालच झाली!

पण ओसाका हे शहरच तसं आहे. जुन्या काळी जपानभरातला तांदूळ इथल्या वखारींमध्ये येऊन विकला जायचा. म्हणून त्याला ‘देशाचं स्वयंपाकघर’ म्हणायचे. जपानीत एक म्हणही आहे. क्योतोचा माणूस कपड्यांपायी कंगाल होतो आणि ओसाकाचा खाण्यापायी. या खाऊन कंगाल होण्याला तिथे खास शब्द आहे, ‘कुइदाओरे’. आपल्याकडे खाण्यापायी कोणी घर विकल्याचं ऐकिवात नाही. पण महिनाअखेरीला फूड अॅपवर झालेला खर्च बघितला, की हा शब्द मराठीत यायला हरकत नाही असं वाटतं.

घाईतल्या माणसाचं खाणं

ओसाकाची खरी गंमत पांढऱ्या टेबलक्लॉथवाल्या रेस्टॉरंटमध्ये नाही, ती रस्त्यावर आहे. ताकोयाकी म्हणजे आप्पेपात्रासारख्या तव्यावर भाजलेले ऑक्टोपसचे गोळे. 1935मध्ये ओसाकातल्याच एका छोट्या दुकानात त्यांचा जन्म झाला. फिरत्या पट्ट्यावरून ताटल्या समोर येतात, तो सुशीचा प्रकारही इथलाच. 1958 साली योशिआकी शिराइशी यांनी शेजारच्या हिगाशी-ओसाकात तो सुरू केला. आसपासच्या छोट्या कारखान्यांतले कामगार हे त्यांचं गिऱ्हाईक. त्यांना कमी पैशांत, पटकन खायला देता यावं म्हणून बिअरच्या कारखान्यातला फिरता पट्टा त्यांनी हॉटेलात आणला. त्याच वर्षी ओसाकाजवळच्या इकेदात मोमोफुकू आंदो यांनी घरामागच्या शेडमध्ये इन्स्टंट नूडल्स तयार केल्या. तुमच्या-आमच्या ‘दोन मिनिटांत’ होणाऱ्या नाश्त्याचे आजोबाच म्हणा ना!

म्हणजे ज्या पदार्थांसाठी आज जग ओसाकाला धावतं, ते मुळात तयार झाले कोणासाठी? ज्याच्याकडे वेळ कमी, पैसे मोजके आणि भूक भरपूर, त्या कामावर जाणाऱ्या माणसासाठी.

काही ओळखीचं वाटतंय? सरकारी कचेरीत खेपा घालणाऱ्यांसाठी मिसळ, लोकल पकडणाऱ्यांसाठी वडापाव, सातच्या गाडीने दमून येणाऱ्यांसाठी पोळी-भाजी केंद्र. ठाणे ते कल्याण हा मध्य रेल्वेचा पट्टा अगदी याच हिशेबाने खातो. फरक एवढाच, की ओसाकाला आपण हे सगळं रजा टाकून बघायला जातो आणि इथे त्याच्यासमोरून रोज पळत जातो. घाईतल्या माणसासाठी केलेलं खाणं एकदा तरी घाई न करता खायला हवं. या प्लॅनचा फंडा एवढाच.

एक्सेल शीटचे चार नियम

नियम पहिला, पोट मोजा. दोन दिवसांच्या ट्रिपमध्ये धड जेवणं सहाच होतात, एका दिवसात तीन. दहा ठिकाणांची यादी करणारा चौथ्या ठिकाणी सोडा-लिंबू मागवतो. आपण दिवसभरात सहा छोटे स्टॉप धरू. त्यात पोटभर खाणं दोनदाच.

नियम दुसरा, एका दुकानात एकच पदार्थ. ज्यासाठी ते दुकान ओळखलं जातं तोच. मिसळीच्या दुकानात जाऊन इडली मागवू नये. ती वाईट असेल म्हणून नाही, पण पोटातली जागा वाया जाते म्हणून.

नियम तिसरा, वाटून खा. चार जणांचा ग्रुप आदर्श. एक जंबो वडा चौघांत गेला, तर पुढच्या दोन वड्यांना न्याय मिळतो. तो उष्टं-खरकटं पाळणारा मित्र असतोच, त्याच्यासाठी एक सुरी बरोबर ठेवा. ओसाकातही तळलेल्या काड्या सगळ्यांच्या सॉसमध्ये एकदाच बुडवायच्या, दुसऱ्यांदा नाही, असा कडक नियम आहे. तेव्हा लाजू नका.

नियम चौथा, चाला. दोन स्टॉपांच्या मध्ये रिक्षा नको. पुढच्या भुकेची सोय पायांनीच होते.

आणि वार कुठला? शनिवार. रविवारी मेगाब्लॉक असला तर तीन स्टेशनांच्या प्लॅनचं काय होतं, हे मध्य रेल्वेच्या प्रवाशाला सांगायला नको.

पहिला स्टॉप ठाणे: तिखट सकाळ

16 एप्रिल 1853 रोजी देशातली पहिली प्रवासी गाडी बोरीबंदरहून ठाण्याला आली. तेव्हा आपणही सुरुवात ठाण्यापासूनच करू. डोंबिवली-कल्याणकरांनी सकाळी लवकर उठून ठाणं गाठायचं आणि मग खात खात घराकडे परतायचं. मुंबईकडून येणाऱ्यांचा तर रस्ताच तो.

पहिली प्लेट मामलेदारची. तहसीलदार कचेरीचं कॅन्टीन म्हणून मुर्डेश्वर कुटुंबाने 1946 साली हे दुकान सुरू केलं. लोकांनी मामलेदार कचेरीचं नाव मिसळीला दिलं आणि ते चिकटलं. आता शाखा निघाल्या आहेत, पण पहिली भेट कचेरीजवळच्या जुन्या जागेलाच द्या. स्टेशनपासून चालत जाता येतं. इथे तिखटाच्या पायऱ्या आहेत, कमी, मध्यम आणि तिखट. ऑफिसात ‘मला काही तिखट लागत नाही’ म्हणून मिरवणाऱ्याला खुशाल तिखट मागवू द्या. बाकीच्यांनी मध्यमवर राहावं. दिवस अजून लांब आहे.

मिसळ कशी खायची हेही शिकवायचं का? थोडंसं. पहिले दोन घास फरसाण कुरकुरीत असताना. मग रस्सा मुरायला लागतो आणि चव बदलते. शेवटी तळाशी राहतो तो जाड, मसालेदार भाग, तो पावाने पुसून घ्यायचा. एका प्लेटमध्ये हे तीन टप्पे असतात आणि ते सगळे मिळून दहा मिनिटं टिकतात. पार्सलची मिसळ घरी पोचते तेव्हा पहिला टप्पा उरलेलाच नसतो.

तोंडाची आग शांत करायला तलावपाळीकडे चाला. मासुंदा तलावाला एक चक्कर, कौपिनेश्वराला नमस्कार आणि जांभळी नाक्याच्या बाजारात थोडी नजर. मसाले, सुकी मिरची, कडधान्यं, सणासुदीला पूजेचं सामान, सगळं इथे एकाच गर्दीत मिळतं. मॉलमध्ये वाढलेल्या मुलांना एकदा दाखवावाच असा हा बाजार आहे.

अकराच्या सुमाराला वड्यांचा सामना. एका बाजूला स्टेशनसमोरच्या कुंजविहारचा जंबो वडापाव. आकार असा, की पाव त्याच्यापुढे लाजतो. दुसऱ्या बाजूला नौपाड्यातल्या गजाननचा वडापाव. त्याची ओळख म्हणजे बरोबर मिळणारी बेसनाची पिवळी, पातळ चटणी. लाल सुक्या चटणीवर वाढलेल्यांना ती आधी बुचकळ्यात पाडते आणि मग लोक वडा संपल्यावर नुसती चटणी मागतात! एक-एक प्लेट घ्या, चौघांत वाटा आणि वाद घाला. आकार श्रेष्ठ की चटणी? उत्तर मिळणार नाही, पण स्टेशनपर्यंतचा रस्ता मजेत जाईल.

गोड हवंच असेल तर पाचपाखाडीतल्या प्रशांत कॉर्नरमधून पाव किलो काहीतरी बांधून घ्या. आत्ता खायचं नाही. ते डोंबिवलीला कामाला येईल, कसं ते पुढे कळेल.

मधला प्रवास: खिडकी मिळते!

दुपारी कल्याणच्या दिशेची गाडी म्हणजे सुख. गर्दीच्या उलट्या दिशेने निघालेल्याला मध्य रेल्वे वेगळीच वाटते. खिडकीत बसा. 2022 पर्यंत फास्ट लोकल पारसिकच्या बोगद्यातून जायची. पाचवी-सहावी मार्गिका सुरू झाल्यापासून ती कळवा-मुंब्र्याच्या बाजूने जाते. म्हणजे आता फास्टमध्येही एका अंगाला पारसिकचा डोंगर आणि दुसऱ्या अंगाला खाडी बघायला मिळते. रोज याच वळणावर दाराशी लटकून जाणाऱ्याला हे दिसत नाही. त्याला समोरच्याची बॅग दिसते.

दुसरा स्टॉप डोंबिवली: दुपार घरच्या चवीची

डोंबिवलीत एखादं ‘फेमस’ हॉटेल शोधायला जाऊ नका. या शहराची खासियत हॉटेल नाहीच, ती आहे पोळी-भाजी केंद्र. स्टेशनपासून कुठल्याही दिशेला चालायला लागा. दहा मिनिटांत एक तरी केंद्र लागणारच. काचेच्या काउंटरमागे भाज्यांची पातेली, एका कोपऱ्यात पोळ्यांची चळत आणि फळ्यावर खडूने लिहिलेला आजचा मेनू. मटकीची उसळ, बटाट्याच्या काचऱ्या, भरली वांगी, डाळ-मेथी. संकष्टीला उकडीचे मोदक, होळीला पुरणपोळी. दिवाळीत तर विचारू नका. डोंबिवलीचा फराळ कुरियरने अमेरिकेपर्यंत जातो.

या दुकानांचं गणित समजून घ्या, मग चव आणखी कळते. इथला नोकरदार सकाळी घर सोडतो तो रात्रीच परततो. नवरा-बायको दोघंही लोकलमध्ये. सातच्या गाडीतून उतरून कणीक तिंबायची कोणी? या प्रश्नाचं उत्तर आसपासच्याच बायकांनी दिलं. कोणी घरच्या ओट्यावर दहा पोळ्या जास्तीच्या लाटायला लागलं, कोणी गाळा भाड्याने घेऊन चार जणींना हाताशी धरलं. एकीची वेळ वाचली आणि दुसरीला कमाई झाली. ओसाकाच्या सुशीच्या पट्ट्याला जगभर दाद मिळाली. ही पोळ्यांची चळतही त्याच तोडीची कल्पना आहे, फक्त तिचे फोटो कोणी काढत नाही.

अडचण एकच. बहुतेक केंद्रांत बसायला जागा नसते. मग? अहो, डोंबिवलीत प्रत्येकाची एखादी मावशी, आत्या, निदान ऑफिसातली मैत्रीण तरी राहतेच! आदल्या दिवशी फोन करा, ‘स्वयंपाक करू नकोस, आम्ही जेवण घेऊन येतोय.’ ठाण्याहून आणलेला मिठाईचा पुडा आता उघडायचा. मावशी दोन पापड तळते, लोणच्याची बरणी काढते आणि हेच दिवसातलं सगळ्यात निवांत जेवण होतं. ओसाकाच्या कुठल्याच शीटमध्ये हा कॉलम नसतो.

जेवणानंतर फडके रोडवर फेरी. टोकाला गणेश मंदिर आहे. संस्थान 1924चं, म्हणजे शंभरी उलटलेलं. दिवाळी पहाटेला अख्खी तरुण डोंबिवली याच रस्त्यावर नटून उतरते. गुढीपाडव्याची स्वागतयात्राही 1999 साली याच शहरात सुरू झाली. शनिवारी दुपारी मात्र रस्ता जरा शांत असतो, सावलीतून चालण्याजोगा.

तिसरा स्टॉप कल्याण: बाजार आणि खिडकी

साडेचारच्या सुमाराला कल्याण. हे आपल्या पट्ट्यातलं सगळ्यात म्हातारं शहर. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक प्रवासवर्णनात या बंदराचा उल्लेख आहे. रेल्वे इथे 1854 साली पोचली. पुढे कल्याणला मार्ग फुटतो, एक कर्जतकडे, दुसरा कसाऱ्याकडे. त्यामुळे पुणे आणि नाशिक, दोन्ही बाजूंचा भाजीपाला इथे उतरतो. म्हणून कल्याणला आधी बाजार बघायचा, मग खायचं.

पावसाळ्यात गेलात तर लॉटरीच. मुरबाड-शहापूरच्या बाजूने येणाऱ्या बायका रस्त्याकडेला रानभाज्या घेऊन बसतात. टाकळा, कंटोळी आणि जूनच्या सुरुवातीला शेवळं. शेवळं घेणार असाल तर त्यांच्याबरोबरची काकडं विसरू नका. शेवळांनी घसा खाजतो आणि ती खाज या आंबट हिरव्या फळांनी जाते. कशी करायची ते त्या बाईंनाच विचारा. असा कुकिंग क्लास फुकटात दुसरीकडे मिळत नाही. याच दिवसांत बदलापूरची जांभळं येतात, ज्यांना आता जीआय मानांकनही मिळालंय.

आणि आता शेवटचा वडा, कल्याणचा खिडकी वडा. 1960च्या दशकात वझे कुटुंबाने राहत्या घराच्या खिडकीतून वडे विकायला सुरुवात केली आणि खिडकी हेच नाव झालं. विचार करा, जाहिरात नाही, इंटिरियर नाही, ब्रँडिंगवाला कन्सल्टंट नाही. घर, कढई आणि खिडकी. आज या नावाने वडे विकणारे कितीतरी जण आहेत, तेव्हा जुन्या वस्तीत शिरून कोणालाही ‘वझ्यांची खिडकी कुठे?’ एवढंच विचारा. वडा हातात आला की लगेच चावू नका. ताकोयाकी असो की वडा, आतली वाफ जीभ पोळते. आधी फोडा, वाफ जाऊ द्या, मग हिरव्या मिरचीच्या ठेच्याबरोबर खा. सकाळच्या दोन वड्यांशी तुलना करा आणि राहिलेला वाद इथे संपवा. किंवा वाढवा.

उजेड असेपर्यंत दुर्गाडीकडे किंवा काळ्या तलावाकडे पाय मोकळे करायला जा. खाडीवरचा वारा आणि भरलेलं पोट, यापलीकडे शनिवारकडून आणखी काय हवं?

मासे-मटणवाल्यांनी रुसू नये

वरचा प्लॅन शाकाहारी झाला खरा, पण या पट्ट्याचं मूळ जेवण आगरी-कोळ्यांचं आहे. इथल्या गगनचुंबी सोसायट्या ज्या शेतांवर, मिठागरांवर आणि खाडीकाठी उभ्या राहिल्या, तिथली ही माणसं. तांदळाची भाकरी, आगरी मसाल्यातलं मटण, सुकट, चिंबोऱ्या आणि नशीब असेल तर खाडीतल्या निवट्या. खाडीचं पाणी बिघडत गेलं तसं हे मासेही कमी झाले. त्यामुळे ताटात निवटी आली तर तिला मान द्या. रात्रीच्या जेवणासाठी कल्याण-शीळ रस्त्याच्या बाजूला आगरी जेवणाच्या पाट्या दिसतात. पण खरी पर्वणी हिवाळ्यात डोंबिवलीत भरणाऱ्या आगरी महोत्सवात. तिथल्या स्टॉलवर गावातल्या बायका स्वतः भाकऱ्या थापत असतात. तुमची ट्रिप त्या आठवड्यात बसवता आली, तर एक वडा कमी खा!

घरबसल्या मागवलं तर?

हा प्रश्न येणारच. उत्तर सोपं आहे. वरचा जवळजवळ प्रत्येक पदार्थ कढईपासून तोंडापर्यंत पाच मिनिटांच्या अंतरात खाण्यासाठी केलेला आहे. फॉइलमध्ये गुंडाळलेला वडा अर्ध्या तासात ओला बोळा होतो. त्याला दोन स्टार देऊन मोकळं होणं सोपं, पण त्यात वड्याचा दोष नसतो.

दुसरी गोष्ट जरा गंभीर. नौपाडा, डोंबिवली पूर्व, जुनं कल्याण, सगळीकडे जुन्या इमारती पाडून टॉवर उभे राहतायत. घरं मोठी होतायत, लिफ्ट येतेय, चांगलंच आहे. पण नव्या टॉवरच्या तळमजल्याचं भाडं वड्याच्या कढईला परवडेलच असं नाही. घराच्या खिडकीतून वडा विकायचा तर आधी रस्त्याला लागून घर हवं, बाराव्या मजल्यावरून ते कसं जमणार? शिवाय मालकांची पुढची पिढीही तुमच्या-आमच्यासारखीच लॅपटॉप घेऊन लोकलने जातेय. ही दुकानं टिकवायला मोर्चा काढायची गरज नाही. महिन्यातून एखाद्या शनिवारी तिथे जाऊन उभं राहिलं, पैसे मोजले आणि पोटभर खाल्लं, तरी पुष्कळ झालं.

निघण्याआधी हे बघा

• दुकानांची साप्ताहिक सुट्टी आणि वेळ आदल्या दिवशी विचारून घ्या. दुपारी दोन ते चार बऱ्याच ठिकाणी शटर खाली असतं.
• सुटे पैसे किंवा यूपीआय, दोन्ही ठेवा. गर्दीत नेटवर्क गेलं तर वडेवाला थांबत नाही.
• सिझन पास असेल तर प्रवास जवळपास फुकट. पास कुठपर्यंतचा आहे ते मात्र बघा.
• पाण्याची बाटली, रुमाल आणि एक कापडी पिशवी. कल्याणच्या बाजारातून रिकाम्या हाताने कोणी परतत नाही.
• ग्रुपमध्ये डाएटवाला असेल तर त्याला पोळी-भाजी केंद्राची जबाबदारी द्या. तो खूश, आपणही खूश.
• आणि खरोखर ओसाकाला जाणाऱ्या शाकाहाऱ्यांसाठी एक टीप. तिथे साध्या दिसणाऱ्या सूपमध्ये आणि भाज्यांमध्येही ‘दाशी’ नावाचा रस्सा असतो. तो बहुतेक वेळा सुक्या माशापासून करतात. तेव्हा नुसतं ‘मीट नको’ म्हणून भागत नाही, दाशीबद्दल वेगळं विचारावं लागतं.

ओसाकाचं बुकिंग होईल तेव्हा होईल. पासपोर्ट, व्हिसा, रजा, बॉसची सही, सगळं जमायला हवं. या ट्रिपला त्यातलं काहीच लागत नाही. चार मित्र, एक शनिवार आणि रिकामं पोट. शेवटची गोष्ट मात्र काटेकोर पाळा, शुक्रवारी रात्री हलकं जेवा!